क्रीकचं ग्रीक

तळघरात सोळा अंश. कागदाला तेवढंच मानवतं.
मी स्वेटर घालून, पायाशी हीटर घेऊन बसते,
आणि काचेवर पालथा
कॅरनबूल परिषदेचा वार्षिक अहवाल, एकोणीसशे तेरा.
पानं बत्तीस.
घरं दोनशे सहा. विहिरी एकशे नव्वद.
कुत्र्यांचे परवाने तीनशे एक.
घटसर्प नऊ, पैकी दगावले चार.
रस्त्यावरचे दिवे अकरा,
चांदण्या रात्री लावू नयेत, असा ठराव.
'ओढ्याचं पाणी स्वच्छ आहे' या ओळीशेजारी
पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय: खोटं.

उजेडाची पट्टी सरकते. पान उलटते. पुन्हा पट्टी.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा वर्षं होतात.

सव्वीस साल. जर्दाळूच्या बागांचे तुकडे पडले.
नकाशावर रेघा आधी आल्या, रस्ते मागाहून,
गटारं तर चाळीस वर्षांनी.
बागवाले टकवेल यांची विनंती:
तोडा, पण बहर संपू द्या.
विनंती अमान्य.
पुढच्या वर्षीच्या अहवालात एका गल्लीचं नाव
टकवेल कोर्ट.

मग यंत्र अक्षरं ओळखतं, म्हणजे ओळखल्यासारखं करतं.
पुसट 'सी' त्याला 'जी' दिसतो,
म्हणून साठ वर्षांच्या अहवालांत क्रीक कुठेच नाही.
सगळीकडे ग्रीक.
ग्रीकला पूर आला, दोन पूल गेले.
ग्रीकमध्ये मेलेली मेंढी, आरोग्य निरीक्षकांनी पाहणी केली.
ग्रीक सरळ करण्यासाठी सातशे पौंड मंजूर.
ग्रीक काँक्रीटच्या नळात घालून वरून रस्ता काढावा.
सूचक श्री. हॅलोरन, अनुमोदक श्री. पिम, एकमतानं.

मला हसू आलं, आणि मग नाही आलं.
आम्ही ग्रीकच.
बाबा अठ्ठावन्न साली बोटीनं उतरले,
प्लॉट चौदा घेतला, स्वस्तात,
का स्वस्तात ते कुणी सांगितलं नाही.

तेही सापडलं.
एकाहत्तर, पान ऐंशी, आलेली पत्रं:
'प्लॉट १४, श्री. व्हर्नन. स्वयंपाकघरात जमिनीखालून पाणी.
नोंद घेतली.'
व्हर्नन नव्हे हो, वूर्नास. लेफ्तेरिस वूर्नास.
आणि पत्र त्यांचं नव्हतंच, माझं होतं.
नऊ वर्षांची मी, वहीच्या मधलं पान फाडून,
ते ग्रीकमध्ये चिडत होते
मी इंग्रजीत 'कृपया' लिहीत होते.
तीनदा लिहिलं होतं, कृपया.
अहवालात एकदाही नाही.

ब्रॉन्विन म्हणाली, सोपं आहे, स्टमाटिया,
सगळं एकदम बदलता येतं, एक बटण.
मी दाबून पाहिलं.
शब्द बदलले, आणि त्रेसष्ट सालच्या पानावर
क्रीक चर्चला बांधकामाचा परवाना मिळाला.
क्रीक कुटुंबं अठ्ठेचाळीस.
शाळेत क्रीक मुलांसाठी वेगळा वर्ग हवा का, यावर चर्चा.
ब्रॉन्विन हसून हसून खुर्चीत बसली.
मी सगळं उलटं फिरवलं.

तेव्हापासून एकेक बघते, हातानं,
तीन हजार एकशे बारा.
पाणी की माणसं, पाणी की माणसं.
बहुतेकदा पुढच्या क्रियापदावरून कळतं.
'अडवावं' असलं की मात्र मूळ पान काढून बघावं लागतं.

उरलंय एक.
एकाहत्तरचंच, तीन पानं पुढे:
'ग्रीकबद्दल तक्रारी: सतरा. कार्यवाही आवश्यक वाटत नाही.'
भिंगाखाली धरलं, दिव्यासमोर धरलं.
पहिलं अक्षर फुटलंय,
शाई पसरून तपकिरी कड आलीय,
पाण्याचा डाग आहे.
त्या वर्षी परिषदेच्या कपाटातही पाणी शिरलं होतं, गुडघाभर.

रकान्यात काय भरू, ब्रॉन्विनला विचारलं.
ती म्हणाली, तुला काय वाटतं?
मी हीटर बंद केला.
रकाना तसाच आहे, पिवळा.